मिठाचं पाणी

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला
एक खळगा आहे.
अख्खा काजूगर त्यात पालथा बसतो.
मी ठेवून पाहिलाय, जेवणाच्या सुट्टीत,
कुणी बघत नसताना.

तेरा वर्षं एकच हालचाल:
डाव्या हातानं बी लावायची, उजव्यानं दांडा खाली.
बिया फुटत गेल्या, मग मनगटच फुटायला आलं.
वेंगुर्ल्याच्या डॉक्टरांनी एक सुई दिली.
चार दिवसांत दुखणं असं गेलं
की मी त्यांना कापा फणस नेऊन दिला.

दोन महिन्यांनी बांगडी तिथं घसरून अडायला लागली.
कातडी पांढुरकी, कांद्याच्या पापुद्र्यागत,
खालची शीर निळी, उघडी,
ओहोटीला खाजणात दिसते तशी पाण्याची वाट.
रतन सातार्डेकर हळूच म्हणाली,
"ह्या कोड तर न्हय मा गो?"
त्या दिवसापासून माझ्या हातचा चहा
तिला फार कढत लागतो.

कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी खळग्यातून बोट फिरवलं.
"औषधानं खालची चरबी खाल्ली. होतं कधीकधी.
वर्षभरात आपोआप भरेल, कदाचित.
नाहीच तर पोटाची चरबी काढून इथं घालता येते."
मी पोटाकडे पाहिलं.
दोन बाळंतपणांनंतर पहिल्यांदाच
त्याला कुणी कामाचं म्हटलं.
"पण आधी मिठाचं पाणी टोचून बघू.
आत अडकलेले कण सुटले तर सुटले."

मिठाचं पाणी!
सासरे हयातभर शिरोड्याच्या मिठागरात उभे राहिले.
टाचांच्या भेगांत सासूबाई रात्री खोबरेल भरायच्या,
सकाळी मीठ परत.
आणि मी एसटीचं तिकीट काढून, खाडा टाकून
तेच अंगात घालून घ्यायला जाते.

दर बुधवारी खळगा टम्म फुगतो,
गाडी मठाच्या पुढे येईस्तोवर पुन्हा बसतो.
पण अगदी बसत नाही.
तळाला काहीतरी राहतं,
भरती गेल्यावर गाळ राहतो तसं.

पाच सुया झाल्या. काजूगर आता डुगडुगतो.
बाई खूश आहेत, मोजपट्टी लावून फोटो काढतात.

परवा दांडा ओढताना अंगठ्यात
जुनी कळ हळूच बोलली.
ओळखीचा आवाज. मी ओ दिली नाही.
बाईंनाही सांगितलेलं नाही.
अजून दोन बुधवार आहेत.
आधी बांगडी सरळ जाऊ दे.