कोरडं

चिंधीत गुंडाळलेला रायफलचा बोल्ट
मी दस्तगीर शिकलगारांच्या बाकावर ठेवला.
उद्यमनगरात दुपारी लेथच बोलतात,
माणसांनी ओरडायचं, नाहीतर खुणा करायच्या.
त्यांनी खुणेनंच विचारलं, तेल कुठलं?
शिवणयंत्राचं, मी ओरडले.
आईच्या डब्यातलं, हे काही सांगितलं नाही.

बोल्टवरून बोट फिरवून माझ्यासमोर धरलं :
काळा चिखल, त्यात चमकणारे कण.
"फौंड्रीची वाळू हाय ही, हितल्या हवेतच हाय.
तेल लावलंस की तिला घर गावतं."

मग फळीवरच्या डब्या खाली आल्या.
ग्राफाइट. "कुलपाला झकास.
पर ओल धरली की ॲल्युमिनियम पोखरतंय,
आणि तुझं जाकीट काळं हुईल ते येगळंच."
टेफ्लॉन. "तव्याला बरं."
पुण्यात कुणी सोनेरी मुलामा चढवून देतं, मी म्हटलं,
दगडासारखा टणक.
त्यांनी मायक्रोमीटर काढला,
काहीच न मोजता परत ठेवला.
"भर घातली की माप बदलतं, पोरी.
त्या जर्मन माणसानं फट ठेवलीया,
इचार करूनच ठेवली असंल."

उरली मॉली. राखाडी, चिमूटभर.
तंबाखू मळावी तशी अंगठ्यानं
बोल्टच्या दोन्ही कानांवर मळली,
मग जवळजवळ सगळी पुसून टाकली.
"दिसली तर जास्त झाली."
पिनेला काहीच नाही, नुसती कोरडी केली.
ट्रिगरचं विचारलं तर हात जोडले :
"त्यो आपला प्रांत नव्हं."

भिंग फिरत फिरत मुठीपाशी थांबलं.
तांबूस डाग, आत वळणं, वळणांत वळणं.
"आंगठा आण."
मी अंगठा डागाशेजारी टेकवला.
जुळला.

कधीचा, ते त्यांनी विचारलं नाही.
दुधाळीच्या रेंजवर, शेवटच्या फेरीत,
सातव्या गोळीला मी बोल्ट लावला,
उघडला, परत लावला.
आठ पॉइंट दोन.
त्या रात्री पेटी उघडलीच नाही.

ह्याला कुठली पूड, चाचा?
"ह्याला फडकं," ते म्हणाले. "रोज."

सव्वाशे झाले.
मी ओढणीच्या टोकानं बोल्ट उचलला.
बाहेर कुणीतरी साचा फोडत होतं.
गरम वाळू पार रस्त्यापर्यंत आली होती.