दोन दारं

नाना पेठेतल्या गोडाऊनात ती चार विटांवर उभी होती,
बॉनेटवर पोपडे, डिकीत कुणीतरी साठवलेला काथ्या.
प्लिमथ, एकावन्न सालची, कूपे.
दुकानदार म्हणाला, बाई, भंगारात घेताय की हौसेला?
मी म्हटलं, मोजून सांगते.

तीस वर्षं पिंपरीला ड्रॉइंग बोर्डावर काढली मी,
हौसही मोजूनच करते.

नवीकोरी नको होती,
वरातीच्या घोड्यासारखी सजवलेली तर नकोच.
बघणाऱ्याला वाटावं ही अशीच होती,
आणि का बरी दिसते ते त्याला कळू नये,
एवढंच.

म्हणून स्प्रिंगा कापल्या, फक्त दीड इंच.
निऱ्या बोटभर खाली सोडाव्यात
तेवढीच ती रस्त्याकडे झुकली.
बॉनेटवरचं नाव उतरवलं. त्याची भोकं
तांबट आळीतल्या वामन करड्यांनी शिशानं बुजवली,
आठवडाभर तळहात फिरवत होते.
डोळ्याला नाही, हाताला विचारायचं, म्हणायचे.
रंग मूळचाच, सायीचा. त्यात
सुलेमान पेंटरकडून एक चमचा हिरवा टाकून घेतला,
मुगाच्या सालीचा. उन्हात दिसत नाही.
संध्याकाळी साडेसहाला, कॅनॉल रोडच्या झाडांखाली,
क्षणभर दिसतो.
बंद घड्याळात जुन्या बाजारातलं एचएमटीचं यंत्र. काटे तिचेच.
आणि दारांच्या पोटात नमदा भरला,
पत्रा वाजायचा म्हणून.

सोसायटीत चर्चा झाली.
एवढी लांबलचक, आणि दारं दोनच?
खालच्या मजल्यावरच्या आपट्यांनी पार्किंगची रेघ
स्वतः टेप लावून तपासली. नऊ इंच बाहेर.
बरोबर होतं त्यांचं. मी तसं लेखी कळवलं.

मग एका रविवारी खडकीहून सायमन रणपिसे आले,
ब्याऐंशी वर्षांचे, नातवाच्या स्कूटरवरून.
कॅम्पातल्या एका डॉक्टरांकडे
हीच गाडी अकरा वर्षं चालवलेली त्यांनी.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे हातानं बघत फिरले.
बुजवलेल्या भोकांवरून बोटं गेली, थांबली नाहीत.
मनात म्हटलं, करड्यांना सांगायला हवं.
"तश्शीच आहे," म्हणाले,
आणि न विचारता स्टीअरिंगमागे बसले.
मी डावीकडून आत शिरले, दार ओढलं.

ढप्.

म्हातारा वळला.
"हे ठण् वाजायचं, ताई."

मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून वाकावं लागायचं
आणि डॉक्टरांची कंबर वाकत नव्हती,
म्हणून ते माझ्या शेजारी.
फाटकाफाटकाशी लोक बघत राहायचे
साहेब कोण न् ड्रायव्हर कोण.
रात्रीच्या व्हिजिटला मी स्टीअरिंगवर मान टाकून झोपायचो.
ठण् झालं की जागा.
डॉक्टर काही बोलायचे नाहीत.
पेशंट राहिला की गेला, ते
दार कसं वाजलं त्यावरून कळायचं.

चहा प्यायले, बिस्किट खिशात टाकलं, गेले.

रात्री मी पान्हे काढले.
डाव्या दाराचं पॅनेल उतरवलं,
नमदा ओढून काढला, चिकटलेला, तुकड्यातुकड्यांनी.
उजव्या दाराला हात लावला नाही. ते माझं.
ड्रॉइंगवर हे दाखवायची काही सोय नसते,
दोन दारं, मापं तंतोतंत तीच,
आणि आवाज दोन.

परवा नळ स्टॉपला सिग्नलवर
शेजारच्या गाडीतून एकानं काच खाली करून विचारलं,
ॲव्हरेज किती देते हो?
सहा, मी म्हटलं.
आणि डावीकडचं दार नीट लागलं नाहीसं वाटलं म्हणून
सीटवरून सरकत गेले,
उघडलं,
पुन्हा ओढलं.