दोन मिनिटं अकरा सेकंद

डुलुथला, इमारतीच्या तळघरातल्या लाँड्रीत
वर्नन हालव्होर्सन ट्रेलर पाहतो, पाचव्यांदा.
सहा नंबरच्या मशीनमध्ये त्याचे कामाचे कपडे गरगरतायत.

नट नवा आहे. हनुवटी बरी आहे.
मागच्या खेपेचा चकचकीत रबरी पोशाख गेला एकदाचा,
आता कोपरावर ठिगळ दिसतं.
ठिगळ! म्हणजे कुणीतरी सुई घेऊन बसलं होतं.

धक्क्यावर तो गुपचूप उतरतो, भाषण ठोकत नाही.
देवा, पुढेही ठोकू देऊ नकोस.
आणि शेवटी तो आभाळातला निळा झोत नको,
पत्त्यांच्या बंगल्यागत कोसळणारं शहर नको.
एक पूल वाचव बाबा,
एकच, पण नीट.

खरं तर वर्नन अडकलाय सत्तेचाळिसाव्या सेकंदात.
तिथं त्या पोराची आई
सिंकपाशी फडकं पिळता पिळता
कुणी हाक मारल्यासारखी वळते.
इतकंच.

तीनदा नव्यानं सुरू झाली ही गोष्ट,
तिन्ही वेळा ती पहिल्या दहा मिनिटांत गेली:
गल्लीत, आगीत,
एकदा तर आली तीच फोटोत, हार घालून.
त्याशिवाय म्हणे पोरगा उडत नाही.

वर्नन सत्तावन्नचा. आई वर, तिसऱ्या मजल्यावर,
नाकात नळी, मांडीवर शब्दकोडं,
अजून विचारते, मोजे घातलेस का.
तो काही उडाला नाही, कबूल.
तीस वर्षं बोटींत लोखंडाची माती भरतोय.

मशीन थांबतं.
तो अंगठ्यानं चित्र मागं ओढतो.

उडू दे की त्याला.
पण रात्री परत येईल तेव्हा
सिंकवरचं फडकं
ओलं असू दे.