चार डायोड

मिक्सर म्हटलं की तुमच्यामाझ्या डोळ्यांपुढे
चटणीचं भांडं येतं, झाकणावर दाबून धरलेला हात.
हेल्दुरचा मिक्सर काडेपेटीएवढा आहे
आणि त्यात फिरणारं काहीच नाही.

हियुमा बेटावर फेब्रुवारी. समुद्र गोठून मुका,
बोटी किनाऱ्यावर पालथ्या.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठा, पुठ्ठ्यात टोचलेले
शंभर डायोड, काचेचे, ज्वारीच्या दाण्याएवढे.
प्रत्येकातून तो एक मिलिअँपिअर सोडतो
आणि आकडा वहीत उतरवतो:
सहाशे बारा. सहाशे एकोणीस. सहाशे आठ.

चिमट्यानंच धरायचे. बोट लागलं की उबेनं
डायोड चार-पाच आकडे उतरतो, खोटं बोलतो,
मग तो निवेपर्यंत थांबायचं.
हेल्दुर थांबतो.
चाळीस वर्षं त्यानं मासळीचं शीतगृह सांभाळलं,
निवण्याची त्याला सवय आहे.

चार हवेत. कडं करून उभे राहतील असे
अगदी एका मापाचे चार.
एक जरी कमीजास्त निघाला
तर आपलाच ऑसिलेटर नको तिथून पाझरतो
आणि कानात शिट्टी घालत बसतो.

एका दारानं हवेतले सात मेगाहर्ट्झ येतात,
दुसऱ्या दारानं टेबलावरचे सोळा,
तिसऱ्या दारात बेरीज आणि वजाबाकी, दोघी उभ्या.
आपल्याला वजाबाकी हवी. नऊ.
बेरीज तेवीस, धिप्पाड, बिनकामाची,
पण तिच्या तोंडावर दार लावलं
तर ती उलटी फिरते आणि आतलं सगळं विस्कटते.
म्हणून तिला वेगळी वाट, वाटेच्या टोकाला
एक्कावन्न ओहमचा रेझिस्टर:
जा बाई, तिथे ऊब होऊन संप.
लेइदा म्हणायची, नको असलेल्या पाहुण्यालाही
शेगडीजवळ खुर्ची द्यावी, लवकर उठतो.
(ती मिक्सरबद्दल बोलत नव्हती.
हेल्दुरच्या भावाबद्दल बोलत होती.)

तीन तारा एकत्र पिळून फेराइटच्या कड्यावर दहा वेढे.
लाल, हिरवी. तिसऱ्या रंगाची तार नव्हती,
म्हणून टोकांना नेलपॉलिश. नातीचं, रीनचं.

ती आली तेव्हा एकोणसत्तरावा चालू होता.
दारातून थंडी आत शिरली
आणि सगळा पुठ्ठा एकदम वर चढला.
हेल्दुर ओरडला नाही. वहीचं पान फाडलं.
"आता तू मोज," म्हणाला. "पहिल्यापासून."

सहाशे तेरा, चार वेळा.
चौथा तिनं दोनदा तपासला,
मग श्वास रोखून तिसऱ्यांदा.

नवाच्या सुमारास सोल्डरचा शेवटचा धूर विरला.
हेडफोनची एक वाटी त्याच्या कानाला, एक तिच्या.
आधी नुसतं फसफसणं,
आणि त्याच्या तळाशी, सुतासारखा बारीक,
कोटकाचा ओस्मो,
ज्याचा डॅश नेहमी एक पाय ओढत चालतो.

"काय म्हणतोय?"
"चिमणीचा धूर घरातच येतोय म्हणतो."
हेल्दुरनं बोट वर केलं, थांब,
आणि बऱ्याच वेळानं,
"परवापासून सांगतोय.
माझ्याच शिट्टीखाली होता."