सात बिऱ्हाडं, सहा मीटर

एजंट सर्जेराव म्हणाला, महिन्याला एकतीस हजार,
डोळं झाकून घ्या, ताई.
मी डोळे उघडे ठेवूनच शुक्रवार पेठेत आले,
पिशवीत टेप, बॅटरी, पाणी,
आणि उद्यमनगरच्या फाउंड्रीत
सव्वीस वर्षं हिशेब लिहिल्याची खोड.

एकतीस वजा घरफाळा, वजा पाणीपट्टी,
वजा जिन्याचा बल्ब, वजा टाकी धुणारा,
वजा वर्षातून महिनाभर रिकामी पडणारी एक खोली.
सर्जेरावच्या हिशेबात खोली कधीच रिकामी नसते.

भिंतींना रंग पिस्ता. पण छातीपर्यंतच नवा का?
नखानं खरवडलं.
खाली मातकट रेघ, आडवी,
पंचगंगेनं ओळंबा न लावता मारलेली.
सर्जेरावला तेवढ्यात फोन आला.

दोन नंबरातल्या मालन गुरव म्हणाल्या,
"एकोणीसला हितवर, एकवीसला जरा कमी.
शेगडी माळ्यावर चढवायची सवय हाय आम्हास्नी."
भाडं अकराशे. पावती नाही, करार नाही, चोवीस वर्षं.
वहीत लिहिलं: बाजारभाव चार हजार.
अक्षर माझंच होतं.

पाच नंबरात भरतीची पोरं, गडहिंग्लजकडची.
दोन महिने थकलेले,
पण दाराबाहेर बूट ओळीत, नाडे आत खोचलेले.
याचा रकाना वहीत नव्हता.

बोळात मीटर मोजले. सहा.
परत मोजले.
"सातवं बिऱ्हाड कुठाय, सर्जेराव?"
त्यानं हनुवटीनं जिना दाखवला.

जिन्याखाली पाय घडी घालून एक बाई
साडीला फॉल लावत होत्या,
जिन्याच्याच बल्बच्या उजेडात.
तो मी वजा केला होता.
"मालकांच्या भगिनी, इंदूताई. नवऱ्याकडनं परत आल्यात.
त्यांचं काय नाही, सही करत्यात."

पिशवीतलं प्रॉपर्टी कार्ड काढलं, बॅटरी मारली.
तिसऱ्या ओळीत त्यांचं नाव,
भावाच्या नावाखाली,
भावाच्या नावाएवढंच ठळक.

मी टेप सोडला, तो खटकन आत गेला.
त्यांनी सुई दातात धरली, दोरा तोडला,
वर बघितलं,
खोलीचा अंदाज घ्यावा तसा माझा घेतला,
आणि विचारलं,
"तुम्ही घेतल्यावर
मला भाडं किती पडंल?"