पात्र

प्लॅट नदी आमच्या गावाशी पोचते तेव्हा
तिला खोल व्हायचा कंटाळा आलेला असतो.
मैलभर रुंद, घोट्याएवढी,
मध्ये वाळूची बेटं, विलोची झुडपं,
मार्चमध्ये एका पायावर झोपलेले हजारो क्रौंच.
पलीकडे धान्याचं उंच कोठार, अलीकडे माझं ऑफिस:
खिडकी क्रमांक दोन, काचेला गोल भोकं,
आवाज तेवढा यावा, श्वास येऊ नये म्हणून.

एकोणीस वर्षं मी इथे एकच शब्द लिहिला.
अपात्र.
पुढे पुढे तो लिहावाही लागेना,
एफ-सात दाबलं की आपोआप उमटे,
खाली माझी सही, छापील.

मर्ल कोझिशेक पहिल्यांदा आला तेव्हा थंडी होती.
वय अठ्ठावन्न. कोठारावर हंगामी काम,
उरलेल्या महिन्यांत लोकांची कुंपणं, लोकांची छपरं.
गरोदर आहात? मी विचारलं. विचारावंच लागतं.
नाही म्हणाला, गंभीरपणे, जणू आठवून बघत.
पदरी लहान मूल? नाही.
अंध? अपंग? पासष्टच्या पुढे?
नाही. नाही. अजून नाही.
मग तुम्ही नेमके कोण?
"नुसता गरीब," म्हणाला.
नुसत्या गरिबाला रकाना नव्हता.

बाजारातला विमा घ्या, सवलत मिळते, मी सांगितलं,
आणि मग त्याची कमाई पाहिली.
सवलतीला लागते त्याहून नऊशे डॉलर कमी.
मदत मिळण्यासाठी तो जरा जास्तच गरीब होता.
हे वाक्य मी एका माणसाच्या तोंडावर बोलले.
त्याने टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

इन्सुलिन अर्धंच घेतो हे त्याने सांगितलं नाही.
पुढच्या वर्षी बुटाने सांगितलं:
उजव्या पायाची दोन बोटं गेली होती.
मी उत्साहाने, हो, उत्साहानेच,
अपंगांचा अर्ज काढला.
दोन बोटं पुरत नाहीत, वरून उत्तर आलं.

त्या उन्हाळ्यात जत्रेत, डुकरांच्या मंडपाशेजारी,
आर्डिस उल्डरिख, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली,
सह्यांचे कागद घेऊन उभी होती.
वारा असा, की कागदांना कपड्यांचे चिमटे.
जन्मभर कराच्या नावाने बोटं मोडणारेही थांबले.
"मेहुण्यासाठी करतोय," म्हणाले,
"शेजारणीसाठी."
स्वतःसाठी कुणीच केली नाही.
मी सरकारी नोकर. लिंबूपाणी घेतलं
आणि जाता जाता एक चिमटा घट्ट बसवला.

नोव्हेंबरात राज्य हो म्हणालं.
त्या होला राजधानीहून इथवर यायला
जवळजवळ दोन वर्षं लागली.
मोटारीने दोन तास लागतात.

मग तो ऑक्टोबर, सगळ्यांच्या तोंडाला फडकी.
मर्ल त्याच खिडकीशी, आता काठी टेकत.
मी आकडे भरले.
पडद्यावर शब्द आला, पुढचा अ गळून पडलेला.
दोनदा तपासला,
माझंच बोट चुकीचं लागलं की काय.

"माझ्यात काय बदललं?"
"काही नाही. रेघ सरकवली."
"म्हणजे ती सरकत होती तर."
भोकांतून एवढंच आलं.
मी कागद आवरू लागले. टेबलावर कागद नव्हते.

जाताना वळला. "दातांचं बसतं का यात?"
दातांचं नाही. अजून नाही.
चष्म्याचंही नाही.
आणि डॉक्टर बासष्ट मैलांवर, फक्त मंगळवारी.
हसला असावा; कानाशी दोऱ्या हलल्या.

संध्याकाळी पुलावर गाडी थांबवली.
पात्र केवढं रुंद,
या काठाला उभं राहून त्या काठाचं माणूस ओळखू येऊ नये.
पाणी मात्र वाळूत वाट चुकल्यासारखं,
दोन-तीन रेषा.
उतरून पायच बुडवावा लागतो
ते आहे, हे कळायला.