काळ्या मॉलीचे दिवस भरलेत

वरच्या तांडेलांकडे फरशी बदलतायत.
मशीन लागलं की आधी पाणी थरथरतं,
मग मी.

सानपाड्याच्या या एवढ्याशा घरात
टीव्हीच्या जागी आता टाकी आहे,
आणि टाकीत, हीटरच्या मागे,
पोट चौकोनी झालेली काळी मॉली.
पंख अंगाशी मिटून
दोन दिवस तशीच, कोपऱ्याकडे तोंड करून.

दुकानदार म्हणाला, जाळीचा पिंजरा न्या मावशी,
बाळंतिणीची खोली. दीडशे रुपये.
नेला. ठेवली तिला त्यात.
तासभर ती जाळीला नाकाने धडका देत राहिली.
काढली बाहेर.
पिंजऱ्यात आता कपड्यांचे चिमटे आहेत.

मग सुचेल ते करत गेले:
तिन्ही काचांना जुनी वर्तमानपत्रं,
टाकीचा दिवा बंद, खिडकीतून येईल तेवढाच उजेड.
शेवाळाचा गुंता सोडला आत, तिला दडायला.
मागे लागणारे दोन नर वेगळ्या टबात,
तिथे ते एकमेकांच्या मागे लागतात.
मोरब्याचं पाणी रात्रभर बादलीत ठेवायचं,
औषधाचा वास उडाला की ओतायचं तांब्यातांब्याने,
आधी कोपर बुडवून,
बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं.

सुयोग काचेवर टकटक करतो.
म्हटलं, तुझ्या उशाशी कुणी हातोडा आपटला तर?
म्हणाला, तांडेलकाका आपटतातच की, आजी.

पालिकेच्या वॉर्डात एकतीस वर्षं आया होते मी.
एका खाटेवर दोघी,
पंखा होता, पडदा नव्हता.
'आता कशाला ओरडतेस?
नऊ महिन्यांपूर्वी कळलं नाही?'
हे वाक्य माझं नव्हे. सगळ्याच म्हणायच्या.
मीही म्हटलं.
घणसोलीची एक पोरगी,
नाव आठवत नाही, हिरवा चुडा आठवतो,
तिने भिंतीकडे तोंड केलं
ते उजाडेपर्यंत वळवलं नाही.

दुपारी जिना चढले. गुडघे कुरकुरले.
तांडेलीण म्हणाली, कुणी आजारी आहे का?
म्हटलं, बाळंतपण आहे घरात.
ती बघतच राहिली. तुमची सून तर मस्कतला ना?
मासा आहे, म्हटलं. टाकीतला.
वाटलं, हसेल.
ती म्हणाली, आमचे सासरे गाभोळीची मासळी
हाताला लागली तर परत खाडीत सोडायचे.
लोक वेडं म्हणायचे त्यांना.
मग आत वळून ओरडली,
इर्शाद, मशीन ठेव खाली. परवा बघू.

रात्री फ्रीजही मध्येच गप्प झाला.
मी स्टूल ओढलं नाही, उचलून आणलं,
उघड्या राहिलेल्या चौथ्या काचेसमोर,
आणि टाकीकडे पाठ करून बसले.
पडदा नाही,
पाठ तर आहे.

कधीतरी मागे पाणी हललं, अगदी थोडं.
मी वळले नाही.